गाडीच्या कानावर जाऊ नये म्हणून

कानवाल्यांना सगळी गल्ली कानवाले म्हणे, कारण त्यांचं दुकान कानाचं होतं. म्हणजे कमी ऐकू येणाऱ्यांना श्रवणयंत्र बसवून देण्याचं. दुकानाच्या मागच्या अंगाला एक काचेची खोली होती, आतून जाड स्पंज लावलेली. तिच्यात गिऱ्हाइकाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बाहेरून बारीक बारीक शिट्ट्या सोडत राहायचं. ऐकू आली की गिऱ्हाइकानं बटण दाबायचं. कुणाला कुठल्या पट्टीतलं ऐकू येत नाही ते कानवाले कागदावर आलेख काढून दाखवत. आजोबांना नातवंडांचं सगळं ऐकू येतं, फक्त आजीचं येत नाही, हा बिघाड कानाचा नसून स्वभावाचा आहे, हे मात्र ते फी न घेता सांगत.

असा हा कानांचा जाणकार. पण त्याची एक श्रद्धा होती. ती अशी, की आपल्या गाडीला ऐकू येतं.

गाडी सव्वीस वर्षांची. घरात तिला थोरली म्हणत, कारण ती मुलीच्या आधी दीड वर्ष घरी आली होती. मुलगी पुढे एकुलती एकच राहिली, तरी तिचं नाव धाकटी पडलं ते पडलंच. शाळेत कुणी विचारलं, तुला मोठी बहीण आहे का, तर धाकटी म्हणाली, आहे, पण ती बाहेर झाडाखाली झोपते आणि थंडीत तिला उठवायला फार वेळ लागतो. त्यावर मुख्याध्यापकांची घरी चिठ्ठी आली होती.

थोरलीचा रंग कागदपत्रांत मोरपंखी होता. प्रत्यक्षात तो आता धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारखा, कुठल्याच नावाला उत्तर न देणारा झाला होता. डावीकडचं मागचं दार फक्त आतून उघडे, म्हणून तिकडे बसणाऱ्यानं उजवीकडून शिरून गुडघ्यांवर सरपटत जायचं. गाडी मागे घ्यायची झाली, की शेजारी बसलेल्यानं समोरच्या कप्प्यावर गुडघा टेकवून दाबून धरायचं, नाहीतर गिअर पडत नसे. काच खाली करायची ती एकानं फिरवायची आणि दुसऱ्यानं बाहेरून तळहातांनी ओढायची. थोडक्यात, ही गाडी चालवायला माणूस नव्हे, कुटुंब लागे. कानवाल्यांना यात दोष दिसत नसे. ते म्हणत, बघा, आजकाल कुठल्या घरात सगळे मिळून एक काम करतात?

ऐकू येण्याचं प्रकरण असं सुरू झालं. धाकटी अकरा वर्षांची असताना, एका चढावर, ती मागच्या सीटवरून म्हणाली, बाबा, आता ही विकून टाकू या ना. ती म्हणायला आणि रेडिएटर उकळायला एकच गाठ पडली. पुढच्या वर्षी कानवाल्यांच्या पत्नीच्या भावानं हेच शब्द उच्चारले आणि भर चौकात क्लचची तार तुटली. तिसऱ्या वेळी खुद्द पत्नीच्या तोंडून, तेही नुसतं 'विक' एवढंच निघालं होतं, त्यांना 'विक्रमी पाऊस' म्हणायचं होतं, तरी पुढचं चाक बसलं. तीन पुरावे झाले. यापेक्षा कमी पुराव्यांवर मोठमोठी शास्त्रं उभी आहेत, असं कानवाल्यांचं मत पडलं. त्या दिवसापासून गाडीत आणि गाडीच्या आसपास तो शब्द बंद.

बंद म्हणजे बंद. पण शब्द बंद केला म्हणून विषय थोडाच बंद होतो? तेव्हा धाकटीनं तोड काढली. त्या आठवड्यात तिचा किडका दात काढला होता. ती म्हणाली, मग आपण 'दात काढायचा' असं म्हणू या. तिला कळणार नाही. झालं, घरात हा शब्द रुजला. "बाबा, दाताचं काय ठरलं?" "अजून हलत नाही." "शेजारच्यांनी त्यांचा काढला म्हणे." "त्यांचा दुधाचाच होता, सहा वर्षांचा." पुढे जावई आला आणि हे ऐकून हसू लागला, तर कानवाल्यांनी त्याला सुनावलं, "दात काढू नका." आता याचा नेमका अर्थ कोणता, हे त्या बिचाऱ्याला लग्नानंतर दोन वर्षांनी कळलं.

थोरली उभी राहायची ती बरोबर दिवाणखान्याच्या खिडकीखाली. त्यामुळे हळूहळू ही भाषा घरातही शिरली. भिंत काही फार जाड नव्हती.

आता बाई. बाई म्हणजे कानवाल्यांच्या पत्नी. त्या शाळेत भूगोल शिकवत, म्हणून शाळेत बाई, म्हणून गल्लीत बाई आणि शेवटी घरातही बाईच. बाई तोलून मापून बोलणाऱ्या. ज्या गोष्टी नकाशात दाखवता येतात त्या त्यांनी शब्दांत कधी सांगितल्या नाहीत. थोरलीबद्दल त्यांचं काय मत आहे हे सव्वीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं आणि त्यांनी आपणहून कळवलं नव्हतं. कप्प्यावर गुडघा टेकवायचं काम मात्र कायम त्यांच्याकडे. गाडी चालवायला त्या शिकल्या नाहीत. एकदा विषय निघाला होता, तेव्हा कानवाले म्हणाले होते, तिला माझ्याच पायाची सवय आहे. बाई बरं म्हणाल्या होत्या.

तर एका शनिवारी दुपारी कानवाले बाईंना शाळेतून घेऊन येत होते. सिग्नलला गाडी थांबली. बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी ठरवलंय. दात काढून टाकायचा."

कानवाल्यांचा पाय क्लचवरून निसटला. थोरलीनं एक आचका दिला.

"असं अचानक?"

"अचानक कसलं. दोन वर्षं सोसतेय. तुम्हाला सांगून काय होणार, म्हणून बोलले नाही."

"थोडी डागडुजी करून बघू की."

"किती करायची? भरून झालं, वरून टोपी घालून झाली. आता मुळापासून हलतोय."

वरून टोपी म्हणजे मागच्या वर्षी छताला आतून नवीन कापड लावलं ते, हे कानवाल्यांनी लगेच ताडलं. ते म्हणाले, "जुना आहे गं. सवय झालेली असते."

"सवय दुखण्याचीही होते. म्हणून काय जपून ठेवायचं? गुरुवारी चारची वेळ घेतलीय. तो चौकातला नवा आहे ना, त्याच्याकडे. हात हलका आहे म्हणतात, दहा मिनिटांत बाहेर. तुम्ही दुकान सोडून येऊ नका, माझी मी जाईन."

चौकात एक नवीन इमारत झाली होती. तिच्यात वरच्या मजल्यावर दंतवैद्य होता आणि तळमजल्यावर भंगारवाला. कानवाल्यांना वरचा मजला आठवलाच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे तळमजला उभा राहिला: दारं एकीकडे, चाकं दुसरीकडे, आणि हलक्या हाताचा तो माणूस दहा मिनिटांत थोरलीचे अवयव वेगळे करतोय.

सरळ माणसानं घरी जाऊन एक प्रश्न विचारला असता. पण कानवाले सरळ नव्हते, ते त्यागी होते. त्यागी माणसाला प्रश्न विचारायची चोरी असते, कारण उत्तर मिळालं तर त्याग करायला जागाच उरत नाही. ते तीन दिवस कमी जेवले, खिडकीशी उभं राहून सुस्कारे सोडले आणि हे बाईंच्या लक्षात येत नाही याचं दुःख वेगळं केलं. बाईंच्या काय लक्षात येणार, त्यांची दाढ ठणकत होती. त्याही कमीच जेवत होत्या. समोरासमोर बसून दोघंही अर्धं ताट तसंच ठेवून उठत आणि कानवाल्यांना वाटे, बघा, हिलाही जड जातंय, पण निश्चयाची पक्की आहे.

त्यांनी मनाशी ठरवलं, की द्यायचीच तर भंगारात नाही, चालवणाऱ्या हाती द्यायची. गुरुवारी चारच्या आत. त्यांनी गॅरेजवाल्याला विचारलं. या गॅरेजवाल्यानं थोरलीच्या जिवावर स्वतःच्या दोन मुलांची शिक्षणं केली होती. ती जाणार म्हटल्यावर त्याचेच डोळे आधी ओलावले. त्यानं एक नाव सुचवलं: ड्रायव्हिंग स्कूल चालवणाऱ्या मॅडम. त्यांना शिकाऊंसाठी अशी गाडी हवी होती, जिला आणखी एखादा पोचा आला तर तो वेगळा ओळखू येणार नाही.

मॅडम बुधवारी आल्या. उंच, सडसडीत, हातात किल्ल्यांचा जुडगा, आवाज दोन चौक ओलांडणारा. थोरलीभोवती एक चक्कर मारून त्यांनी तोंड उघडलं, "ही तुम्ही कितीला वि—"

कानवाल्यांनी त्यांना दंडाला धरून तिथून अक्षरशः पळवलं. गल्लीचं वळण ओलांडलं, दोन दुकानं मागे टाकली आणि मग एका शटरच्या आडोशाला उभं राहून ते कुजबुजले, "आता बोला. पण हळू."

मॅडमनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गाडी चोरीची आहे का?"

"छे हो. माझीच आहे. तिला ऐकू जाऊ नये म्हणून."

"कुणाला?"

कानवाल्यांनी मागे वळून गाडीच्या दिशेनं मान हलवली. मॅडमनी आजवर अडीच हजार माणसांना गाडी शिकवली होती, भित्री, रडकी, डावं-उजवं न कळणारी. माणसाचं त्यांना नवल उरलं नव्हतं. त्या जमेल तितक्या हळू आवाजात बोलल्या. सौदा शटरआड झाला. कानवाल्यांची एकच अट होती, की ती रोज चालली पाहिजे. मॅडम म्हणाल्या, रोज आठ तास चालेल, बसायला फुरसत मिळाली तर शपथ. हे आश्वासन होतं की शिक्षा, याचा विचार करायला वेळ नव्हता.

गुरुवारी तीन वाजता किल्ली दिली. देताना थोरलीच्या बॉनेटवर हात ठेवून कानवाले काहीतरी पुटपुटले. मॅडम दुसरीकडे बघत उभ्या राहिल्या. मग त्या बसल्या, कप्प्यावर गुडघा-बिडघा काही न टेकता हाताच्या एका फटक्यात गिअर पाडला, गाडी मागे घेतली आणि गेल्या.

कानवाले चालत घरी आले. पाच वाजता बाई आल्या. गालाला रुमाल, तोंड मिटलेलं. दंतवैद्यानं कापसाचा बोळा चावून धरायला सांगितला होता, अर्धा तास बोलायची बंदी. कानवाल्यांनी ते तोंड पाहिलं आणि त्यांना वाटलं, रडू आवरून धरलंय.

"काढला," ते म्हणाले.

बाईंनी मान डोलावली. हो, काढला.

"दुखतंय?"

बाईंनी पुन्हा मान डोलावली.

"मलाही."

तीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं आपल्या दुखण्यात इतका वाटा कधी घेतला नव्हता. बाई गहिवरल्या. त्यांनी कानवाल्यांच्या हातावर हात ठेवला. दोघं सोफ्यावर तसेच बसले, एकमेकांच्या दुःखात बुडालेले. असा जिव्हाळा त्या घरात वर्षानुवर्षं झाला नव्हता, आणि पुढची दोन मिनिटं तो टिकला.

"चारच्या आतच उरकलं," कानवाले म्हणाले. "म्हटलं, त्या चौकातल्याच्या हाती नको. तो काय, तोडून मोडून किलोवर घालणार."

बाईंचा हात जागच्या जागी थांबला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग उठून खिडकीशी गेल्या. झाडाखाली तेलाचा एक काळा डाग होता आणि डागाभोवती गाडीएवढी रिकामी जागा.

बाईंनी तोंडातला बोळा काढला.

"अहो, मी दाताबद्दल बोलत होते."

"मीही."

"माझ्या. तोंडातल्या."

काचेच्या खोलीत शिट्टी वाजून गेली, पण बटण दाबायचं राहिलं, अशा गिऱ्हाइकासारखा कानवाल्यांचा चेहरा झाला.

बाई पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागल्या. मग गाल धरून, अडखळत म्हणाल्या, "माझी खोली विकलीत तुम्ही."

मग हळूहळू ते बाहेर आलं, अर्धं त्या संध्याकाळी, अर्धं पुढच्या दिवसांत. कानवाल्यांच्या घराला खोल्या तीन. एक दिवाणखाना, तिथे टीव्ही. एक झोपायची, तिथे कानवाले. तिसरी धाकटीची होती. ती लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर तिथे श्रवणयंत्रांची खोकी आली. बाईंनी गेली वीसेक वर्षं शाळेचे पेपर थोरलीत बसून तपासले होते. संध्याकाळी सहा ते साडेसहा, मागच्या सीटवर, त्या बाहेरून न उघडणाऱ्या दाराला पाठ लावून. काचा वर केल्या की बाहेरचं काही आत येत नसे आणि आतलं काही बाहेर जात नसे. आई गेली त्या वर्षी बाई पेपर न घेताच जाऊन बसत. कधी गुणगुणत. लहानपणी धाकटीनं जात्यावरच्या चालीत जुळवलेल्या दोन ओळी होत्या:

थोरली माझी बाई, चढण चढेना गं,
मागं बसल्यांपैकी, कुणी उतरेना गं.

त्या काचेआड कितीदा म्हटल्या गेल्या, याची मोजदाद नाही. कानवाल्यांना वाटे, ही गाडीत काहीतरी शोधत असते. एकदा तर त्यांनी बाईंना टॉर्चही आणून दिला होता.

धाकटीला फोन गेला. तिनं आधी दात काढले, म्हणजे पोट धरून हसली. मग विचारलं, बाबा, आईला एकदा विचारलं का नाहीत? कानवाले म्हणाले, गाडीत कसं विचारणार? घरी विचारायचं होतं, धाकटी म्हणाली. त्यावर कानवाल्यांकडे भिंतीच्या जाडीचं उत्तर होतं, पण ते त्यांनी दिलं नाही.

सोमवारी ते मॅडमच्या ऑफिसात गेले. सौदा मोडायचा, काय लागेल ते द्यायचं, अशा तयारीनं. थोरली बाहेरच उभी होती. डोक्यावर पाटी, पुढे-मागे लाल अक्षर आणि डावीकडे पायाशी दुसरा ब्रेक आणि दुसरा क्लच. गॅरेजवाल्यानं शुक्रवारीच बसवून दिले होते, रडत रडत. मॅडम म्हणाल्या, आता नाही हो देता येणार. अकरा जणांच्या वेळा हिच्यावर लावल्यात. आणि गाडीच्या टपावर थाप मारून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाल्या, "तशी खटारा आहे. वर्षभरात विकून टाकीन. पण तोवर बरी आहे."

कानवाल्यांनी डोळे मिटून घेतले. ते रेडिएटरची वाट बघत राहिले. मग क्लचच्या तारेची. काही झालं नाही. एक घामाघूम झालेला शिकाऊ कारकून आत बसला, किल्ली फिरवली आणि थोरली पहिल्या फटक्याला सुरू होऊन निघून गेली. तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

इतकी वर्षं जिच्यासाठी अख्ख्या घरानं जीभ सांभाळली, तिला ऐकूच येत नव्हतं. किंवा येत असलं, तर काही वाटत नव्हतं. यातलं अधिक वाईट कोणतं, याचा आलेख काढण्याची सोय दुकानात नव्हती.

त्यानंतर थोरली रोज दुकानावरून जायला लागली. ताशी बारा किलोमीटरच्या वेगानं, त्यामुळे नीट दिसे. कधी कारकून चालवी, कधी एक नर्स, कधी एक निवृत्त न्यायाधीश, जे प्रत्येक वळणावर आधी दोन्ही बाजू ऐकून घेत. कानवाले आतून बघत. त्यांची पावलं टेबलाखाली आपोआप क्लच दाबत.

तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सहाला, ती पुन्हा गेली. आचके देत, मध्येच बंद पडत, पुन्हा सुरू होत. कानवाल्यांनी नेहमीप्रमाणे शिकाऊला मनातल्या मनात शिव्या घातल्या आणि मग त्यांना दिसलं, चाकामागे बाई होत्या. पाठ ताठ, हनुवटी वर, वर्गात जगाचा नकाशा टांगताना असायच्या तशा. शेजारी मॅडम मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होत्या आणि बाई हसत होत्या. दाढ गेली ती जागा दिसेपर्यंत हसत होत्या.

घरी कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर तेच. शेवटी कानवाले एका संध्याकाळी दुकान अर्ध्यावर बंद करून ड्रायव्हिंग स्कूलपाशी गेले. साडेसहा वाजून गेले होते, शिकवणी संपली होती. मॅडम ऑफिसात नखं कापत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, बाईंनी आधीच ठरवून घेतलंय, शिकवणीनंतर पंधरा मिनिटं गाडी त्यांची. मी विचारलं नाही कशाला. तुम्हीही विचारू नका.

थोरली भिंतीच्या कडेला उभी होती. काचा वर. बाई मागच्या सीटवर, त्या दाराला पाठ लावून, मांडीवर पेपरांचा गठ्ठा. ओठ हलत होते. कानवाले काचेशी गेले. आतलं काही ऐकू येईना. त्यांनी बोटाच्या पेरानं टकटक केलं.

बाईंनी वर पाहिलं. काच खाली करायला त्यांनी आतून हँडल फिरवलं आणि कानवाल्यांनी न सांगता बाहेरून तळहातांनी ओढली. चार बोटं उघडली.

"मला वाटलं, तुला ती नकोय," कानवाले म्हणाले.

"आणि तुम्हाला?"

"मला हवी होती."

"मग तसं म्हणायचं."

कानवाले पुढे बॉनेटपाशी गेले. मग गाडीसमोर, चांगल्या मोठ्या आवाजात, म्हणाले, "विकायला नको होती मी."

थोरलीला काही झालं नाही. बाईंनी पेन्सिल कानामागे खोचली.

"सात मिनिटं आहेत अजून माझी," त्या म्हणाल्या. "बाहेर थांबा. मग बरोबर जाऊ."

काच पुन्हा वर गेली, आतून फिरवत, बाहेरून ढकलत. कानवाले दोन पावलं मागे सरले, म्हणजे आतल्या माणसाला कुणी कान देऊन उभं आहे असं वाटू नये. त्यांनी घड्याळात पाहिलं आणि आठ मिनिटं उभे राहिले.